भाऊसाहेबांची स्थळप्रत

भाऊसाहेबांना आम्हा सगळ्यांची नावं पाठ होती, पण ती त्यांनी कधी घेतली नाहीत. ते गावाच्या नावाने हाक मारायचे. "ए हातकणंगले, फोटो चिकटव आधी." "जयसिंगपूर, बोटाची शाई पूस, मग कागदाला हात लाव." मी कुरुंदवाड होते. आमच्या विभागात त्या गावची मी एकटीच, त्यामुळे खिडकीतून "कुरुंदवाड" असा आवाज आला की सगळा व्हरांडा माझ्याकडे बघायचा.

आधीच सांगते, मला ते आवडायचे नाहीत. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र विभागाचे ते कारकून होते. माझ्या वडलांची पिठाची गिरणी. घरातून कॉलेजच्या ऑफिसात पाऊल टाकणारी मी पहिली, आणि ते पाऊल टाकायची भीती वाटायची ती यांच्यामुळे. पहिल्या वर्षी माझा परीक्षेचा फॉर्म त्यांनी तीनदा परत केला. तिसऱ्यांदा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर म्हणाले, "रडून खाडाखोड जाती व्हय? तुझ्या घरात ह्ये निस्तरणारं कोण हाय? न्हाय न्हवं? मग नीट भर." चौथा कोरा फॉर्म मात्र त्यांनी खणातून काढूनच ठेवला होता, आणि मी जिथे चुकत होते तिथे पेन्सिलीने बारीक फुल्या केल्या होत्या. ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तेव्हा फक्त राग आला होता.

त्यांचा खरा जीव स्थळप्रतीत. आलेल्या प्रत्येक कागदाची एक जादा प्रत काढायची. मूळ कागद ज्याच्या त्याच्या फायलीत आणि स्थळप्रत मुख्य फायलीत. नोंदवहीत ओळ लिहायची. दर शनिवारी मुख्य फाइल उघडून काम झालेल्या प्रती फाडायच्या आणि टोपली लगेच बाहेर रिकामी करायची. "फाडलेला कागद टोपलीत ऱ्हायला की कुणीतरी जोडून वाचतंय," असं ते म्हणत. मूळ कागद मात्र कधी हरवला नाही.

दोन हजार सालानंतर विभागाला ईमेल आलं. पहिल्या ईमेलमध्ये फोल्डर होते. पत्र एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवलं की पहिल्यातून जायचं. भाऊसाहेब त्यावर कायम चिडलेले. "एकच कागद हिकडनं तिकडं नाचवायचा. स्थळप्रत कुठं हाय?" मग सरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, दुसरीकडे नवीन खातं उघडलं. तिथे फोल्डर नव्हते, लेबलं होती. मी शेवटच्या वर्षाला होते आणि कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, म्हणून भाऊसाहेबांना शिकवायचं काम सरांनी मला दिलं.

मी त्यांच्या टेबलाजवळ उभी राहून शिकवत होते. बस, असं ते म्हणाले नाहीत. एका पत्राला मी दोन लेबलं लावून दाखवली, "मुख्य" आणि "कुरुंदवाड"; दुसरं नाव त्यांनीच एका बोटाने टाइप केलं. मग पहिलं लेबल उघडलं, त्यात पत्र. दुसरं उघडलं, त्यातही तेच पत्र. भाऊसाहेब पुढे वाकले. "दोन्हीकडं हाय?"

"हो."

"म्हंजे ह्यात स्थळप्रत हाय की." आणि ते चक्क हसले. तीन वर्षांत मी पहिल्यांदा ते हसताना बघत होते. "मग लेबल म्हंजे फाइलच."

तसं नव्हतं. पत्र एकच होतं, त्याला चिठ्ठ्या दोन होत्या. एका ठिकाणी ते पुसलं तर दोन्हीकडून जाणार होतं. नुसती चिठ्ठी काढायचं बटण वेगळं होतं, पुसायच्या बटणाच्या शेजारीच. हे मला माहीत होतं. पण सांगितलं तर ते ओरडणार, परत पहिल्यापासून विचारणार, आणि माझी बस चुकणार. मी म्हणाले, "हो, फाइलसारखंच."

त्या उन्हाळ्यात मी पुण्याच्या एका संस्थेत एमएस्सीसाठी परीक्षा दिली होती. माझा स्वतःचा ईमेल नव्हता, म्हणून अर्जात विभागाचा पत्ता दिला. सुट्टीत दर सोमवारी मी कुरुंदवाडहून येऊन बघून जायचे. एका सोमवारी भाऊसाहेब रजेवर होते. मी स्वतः "कुरुंदवाड" लेबल उघडलं. रिकामं. एसटीने परत गेले आणि घरी सांगितलं की बहुतेक झालं नाही.

पुढच्या सोमवारी भाऊसाहेब खिडकीतूनच म्हणाले, "काय कुरुंदवाड, पुण्याला उत्तर धाडलंस न्हवं?"

"कसलं उत्तर?"

"कसलं म्हंजे? निवड झालीया तुझी." त्यांनी नोंदवही फिरवून ओळ दाखवली. मग लेबल उघडलं. रिकामं. "तूच पुसलंस! मी नव्हतो तवा तू बसलीवतीस न्हवं हितं?"

"मी काही पुसलं नाही. तुम्ही पुसलंत."

"मी रजेच्या आधीच्या शनिवारी मुख्यातली प्रत पुसली. तुझी तुझ्या फायलीत हाय. आणि टोपली बी रिकामी केली, पुसल्यालं तिथं ऱ्हातंय म्हणून."

तेव्हा मी ते सगळं सांगितलं. एकच पत्र, दोन चिठ्ठ्या. सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. भाऊसाहेब ऐकून घेऊन म्हणाले, "मग त्या दिवशी का बोलली न्हाईस?"

त्यांनी समोरच्या बूथवरून पुण्याला फोन लावला. "पावणं, पोरीची काय बी चूक न्हाय," असं तीनदा म्हणाले. होकार कळवायची मुदत दोनच दिवसांपूर्वी, शनिवारी संपली होती. माझी जागा यादीतल्या पुढच्या मुलाला गेली होती.

सरांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. सर संतापलेले. "भाऊसाहेब, पोरीची पुण्याची जागा गेली. तुम्हाला हे शिकवलं नव्हतं?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू नीट सांगितलं होतंस ना?"

मी म्हणाले, "हो सर."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. "व्हय. तिनं नीट सांगितल्यालं. माझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई." नोकरीत त्यांना कधी मेमो मिळाला नव्हता. तो निवृत्तीला चार महिने असताना मिळाला. त्याचीही स्थळप्रत त्यांनीच फाइलला लावली.

मी तिथेच एमएस्सीला राहिले. खिडकीवर गेले की ते आता म्हणत, "बोला, सुनीता मगदूम." अगदी नीट, सावकाश. फॉर्म एकदाही परत केला नाही, आणि कागदावर पेन्सिलीच्या फुल्याही नव्हत्या. जयसिंगपूरला, हातकणंगलेला ते पूर्वीसारखेच ओरडत होते. मी शेजारी उभी राहून ते ऐकायचे.

निरोपाच्या दिवशी हार-नारळ झाल्यावर ते टेबलाचा खण आवरत होते. मी ठरवून गेले होते. म्हणाले, "भाऊसाहेब, त्या दिवशी सरांना मी..."

"सुनीता मगदूम," ते खणातच बघत म्हणाले, "कायतरी काम हाय?"

त्यांनी टाचण्यांची डबी बंद केली. मी "नाही" म्हणाले आणि बाहेर आले.

आता मी त्याच विभागात नोकरीला आहे आणि त्या खात्याचा पासवर्ड माझ्याकडे आहे. नवीन मुलांना मी लेबलं शिकवते, आणि पुसण्याचं आधी सांगते, ती कंटाळली तरी. डाव्या बाजूच्या यादीत "कुरुंदवाड" अजून आहे, भाऊसाहेबांनी एका बोटाने टाइप केलेलं. आत काही नाही. लेबल काढून टाकलं तर एकही पत्र जाणार नाही, हे माझ्याइतकं तिथे कुणालाच माहीत नाही. मी ते काढलेलं नाही.