मंग तसं सांगा ना

शेवटच्या दिवशी सुशीलाताई शुद्धीत होत्या की नव्हत्या, हे मला अजून माहीत नाही.

आज वर्ष झालं.

सकाळपासून घरात बसवत नव्हतं. सीएल टाकली आहे. चप्पल घातली, काढली, परत घातली. ही पोस्टही लिहिली आणि पुसली.

सकाळीच नांदेडहून प्रियाचा फोन आला. ताईंची मुलगी. वर्षभर विचारते तेच तिनं आजही विचारलं.

"दादा, आई शेवटी तुमच्याशी बोलली ना? तिला समजत होतं ना सगळं?"

"बोलल्या," मी म्हणालो.
दुसरा प्रश्न टाळून फोन ठेवला. मला तसंही पटकन बोलता येत नाही.

ज्यांना ताई माहीत नाहीत त्यांच्यासाठी लिहितो.

आमच्या गल्लीत राहायच्या. तेलंगणातल्या मंडल ऑफिसात, म्हणजे तहसिलीत, क्लार्क होत्या. रिटायर झाल्यावर आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात ओपीडीच्या चिठ्ठ्या मिळतात, तिथल्या बाकावर जाऊन बसायच्या.
डॉक्टर, सिस्टर तेलुगू बोलणारे. बॉर्डरकडच्या गावांतून येणारे पेशंट मराठी. मधलं बोलणं ताई करायच्या. कोणी नेमलं नव्हतं.

सुरुवात एका शब्दानं झाली. मंदु.

तेलुगूत मंदु म्हणजे औषध. मंदु म्हणजे दारूही. आणि कापसावर फवारतात तेही मंदुच.

ताई स्वतःच्या बीपीसाठी लायनीत उभ्या होत्या. पुढं एका बाईचा नवरा चक्कर येऊन खाली बसलेला. बाई जमेल तेवढ्या तेलुगूत सांगत होती, "मंदु कोट्टिंडु."
फवारणी केली, असं तिला म्हणायचं होतं. ऐकणाऱ्यांना वाटलं, पिऊन आलाय. लायनीतले लोक हसले. बाई रडायला लागली.

ताई पुढं गेल्या आणि तेलुगूत म्हणाल्या, कापसावर फवारलंय, प्यायलेला नाही. त्याला लगेच आत नेलं.

त्या गडबडीत ताईंचं बीपी दाखवायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी परत गेल्या, त्या बाकावरच बसल्या.

मलाही त्यांनीच ओढलं. मी मराठी शाळेत मास्तर. दुसऱ्या शनिवारी मला सुट्टी असते, हे त्यांनी हेरलं होतं.

"सर, तुमी वर्गात बोलता, का नुसतं फळ्यावर लिवता?"
"बोलतो की."
"मंग चला. इथं बी बोला."

नियम एकच होता. पेशंट म्हणेल तेच सांगायचं.
"आपल्या पदरचं काई टाकू नका, सर. तो रडून राह्यला तर डॉक्टरले दिसते. तुमी काऊन सांगता?"

चहा आला की कप माझ्यापुढं सरकवून म्हणायच्या, "घ्या सर, मंदु." प्रत्येक वेळी. आणि प्रत्येक वेळी स्वतःच हसायच्या.

गेल्या वर्षी त्यांनाच झटका आला. त्याच दवाखान्यात नेलं.

उजवा हात हलत नव्हता. जीभ जड झालेली. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, त्यांना समजतंय का बघा. प्रिया बसमध्ये होती. मी जवळ बसलो.

सिस्टर छोट्या कपात औषध घेऊन आली.
"मंदु तागम्मा."

ताईंनी तिच्याकडं पाहिलं.
"मी काई दारू पेत नाई बाई."

सिस्टर माझ्याकडं वळली. काय म्हणतात?
नियमाप्रमाणं मी सांगितलं, दारू पीत नाही म्हणतात.
"गंमत करतायत का?" तिनं विचारलं.

मला कळेना. चेहरा एका बाजूनं ओढला होता. हसू असतं तरी दिसलं नसतं.

मी वाकलो. "ताई, औषध घ्या म्हणते ती."

"मंग तसं सांगा ना!"

औषध घेतलं. डोळे मिटले. प्रिया पोचायच्या आत गेल्या.

वर्षभर ते वाक्य माझ्या मागं आहे. फळ्यावर लिहिताना. गाडी चालवताना.
गंमत होती? की सगळी नोकरी तेलुगूत केलेल्या बाईचं तेलुगूच पुसलं गेलं होतं?
आणि तसं असेल तर प्रियाला काय सांगू?

शेवटी घरात राहवेना म्हणून आज दवाखान्यात गेलो. बाकावर बसलो. उठलो. गेटपर्यंत गेलो, परत आलो.

एक आजोबा आले. "इथं मराठी बोलनारी बाई बसे ना?"
"मी येतो," म्हणालो.

आत डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "मंदु तागुतारा, ताता?"
आजोबा खुशीत. "हो हो! रोज. सकाळ-संध्याकाळ."
डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या.

"आजोबा, दारू पेता का म्हून विचारून राह्यले ते."

आजोबा उखडले. माझ्यावरच.
"मंग तसं सांगा ना! मले वाटलं बीपीच्या गोया!"

डॉक्टर हसले. मला हसता आलं नाही.

आजोबा पूर्ण शुद्धीत होते. गंमतही करत नव्हते. मी उशिरा सांगितलं म्हणून चिडले होते, एवढंच.

बाहेर येऊन प्रियाला फोन लावला. तो कप, ती दारू, ते वाक्य, आजचे आजोबा. सगळं सांगितलं. पदरचं काही टाकलं नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कोणत्या आवाजात म्हणाली?"
"जरा चिडूनच."
"तुमच्यावर?"
"हो."

ती रडत होती. त्यातच हसली.
"मग आईच होती ती, दादा."

मला अजूनही पक्कं माहीत नाही. पण तिला माहीत आहे.

आजोबा औषधाच्या खिडकीपाशी उभे आहेत. हात हलवून मला बोलावतायत. हे सगळं उभ्याउभ्याच लिहिलं.

जसं होतं तसं सांगितलं, ताई.
जय भीम.