फणीतले सर्वांत वरचे केळे

घरी बसून काम करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते स्वतःच दारापर्यंत येतात, आणि बहुधा 'तू नक्की करतेस तरी काय?' असे विचारतच येतात.

मी धुळ्याची. चित्रकलेत पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि नोकरीऐवजी फ्रीलान्स इलस्ट्रेशन, म्हणजे मागणीनुसार चित्रे काढून देणे, निवडले. नानांनी, म्हणजे वडिलांनी, विरोध केला नाही. अट मात्र घातली. "दिवाळीपर्यंत कर. पण लोकांना एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. नाहीतर मामाच्या शाळेत चित्रकलेच्या बाई हो."

ते वाक्य मी अनेक प्रकारे रचून दिले. नानांना एकही पटले नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर मलाही!

* * *

शेजारच्या अक्कांनी काही आठवडे निरीक्षण केले. मुलगी शिकलेली, तरी दिवसभर घरात. त्यांनी नानांना हळूच अहिराणीत विचारले, "पोरले बरं नही का?"

नानांकडे वाक्य नव्हते. संध्याकाळी अक्का काढा घेऊन आल्या. नकार कोणत्या कारणाने द्यावा, हे न सुचल्यामुळे मी तो प्यायले.

* * *

भडगावच्या एका दंतवैद्यांना पाटीसाठी हसरा दात हवा होता. मी काढला. त्यांनी शंका घेतली, "हसतोय तर त्याच्या तोंडात दात हवेत. मग त्या दातांनाही तोंडं काढायची का?"

शंका तर्कशुद्ध होती. मी बराच विचार केला आणि सावधगिरी म्हणून दाताचे तोंड मिटवले. पाटी लागली. आता रुग्ण विचारतात म्हणे, "डॉक्टर, याचाच दात दुखतोय का?"

* * *

मग सावद्याचे काम आले. तिघे भाऊ, केळीचा एकत्र व्यापार. खोक्यावर केळ्यांची एक फणी हवी. प्रत्येक केळ्याला घरातल्या एकेकाचा चेहरा आणि सर्वांत वर त्यांचे दिवंगत वडील, आबा.

आबांचा फोटो मागितला. आबांनी आयुष्यात फोटो काढू दिला नव्हता! थोरले म्हणाले, आबा फार कडक. मधले म्हणाले, अगदी मऊ. धाकट्यांना फक्त मिशा आठवत होत्या.

या माहितीतून चेहरा कसा काढावा, याची कोणतीही पद्धत मला शिकवलेली नव्हती. समोर नाना वर्तमानपत्र वाचत बसले होते. कपाळावर आठ्या, मिशा भरघोस, आणि मधूनच डुलकी. कडकही, मऊही. मी तेच काढले.

चित्र पाठवल्यावर उत्तर येईना. अखेर थोरल्यांचा व्हॉइस मेसेज आला. "पोरी, हे तं आबाच हायेत!"

मी 'धन्यवाद' असे लिहिले.

* * *

दिवाळीच्या तोंडावर मामा शाळेचे विचारायला घरी आले होते. नाना त्यांना होकार देण्याच्या बेतात असावेत, तेवढ्यात बेल वाजली. नानांनीच दार उघडले.

बाहेर सावद्याचे तिघे भाऊ, छापलेले पहिले खोके घेऊन. त्यांनी नानांकडे पाहिले. खोक्याकडे पाहिले. पुन्हा नानांकडे. मग थोरल्यांनी खोके खाली ठेवले, चपला काढल्या आणि उंबऱ्यातच वाकून नानांच्या पायांवर डोके टेकवले. मागोमाग मधले, मग धाकटे.

नाना गोंधळले, पण त्यांनी तिघांच्याही डोक्यावर हात ठेवला.

कुंपणापलीकडून अक्कांनी विचारले, "नाना, कोण पाहुणा शेतस?"

नानांनी खोक्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मामांकडे पाहिले, आणि घसा साफ करून, हे सगळे कोणाला भेटायला आले आहेत ते मोठ्याने सांगितले, "पोरकडे काम शे. बठ्ठा तिलेच भेटाले उनात."