सासूबाईंचं खुरपं आणि उलटे आटे

आमच्या अंगणात गॅसची भट्टी मी एवढ्याचसाठी लावली, की सासूबाईंनी जन्मात एकदा तरी मला ‘चांगलं झालं’ म्हणावं.

लग्न होऊन अमरावतीहून अकोल्यात आले तेव्हापासून मी या दोन शब्दांची वाट बघते आहे. सासूबाई मनाने वाईट नाहीत. पण त्या परतवाड्याकडच्या, भाजीपाल्याच्या मळ्यात वाढलेल्या. रोपाला वांगी धरल्याशिवाय त्या रोपाचंही कौतुक करत नाहीत, तिथे सुनेची काय कथा! माझ्या पुरणपोळीला त्यांनी आजवर दिलेला सर्वांत मोठा शेरा म्हणजे, “खाल्ल्या जाते.” (आमच्या ह्यांच्या मते हा पहिल्या वर्गाचा शेरा आहे. पोटचा मुलगा असून ते स्वतः अजून “चालते”वरच अडकले आहेत!)

तर या सासूबाईंचं माहेरचं खुरपं झिजून झिजून चमच्याएवढं झालं. दर वर्षी पावसाच्या आधी त्या भावाच्या मळ्यात जातात, आणि तिथे रोपं लावण्याचा मान त्यांचा असतो. दुसऱ्याचं खुरपं त्या हातात धरत नाहीत. बाजारातली चार-पाच खुरपी आणून दाखवली, तर प्रत्येकाला नखाने टिचकी मारून त्यांनी बाजूला सारलं.

“हे काय खुरपं हाय? तेलाचा पिपा कापून देल्ला मेल्यानं!”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. “आई, मी बनवते तुमच्यासाठी खुरपं. घरी. माह्या हातानं!”

हे वर्तमानपत्राच्या आडून बाहेर आले. “अवं, लोहाराले सांगू ना.”

“लोहारानं केलं, तं नाव लोहाराचं होईल!”

आणि मला काय अवघड होतं? कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते. दाब, तापमान, वायूंचे नियम तोंडपाठ. शिवाय मोबाईलवर एक माणूस गॅसच्या भट्टीत सुऱ्या घडवतो, ते मी महिनाभर पाहत होते. (घडवताना त्याला घामही येत नाही. पुढे कळलं, तो बर्फाच्या देशातला आहे!)

जुना पत्र्याचा डबा, आतून आगीत टिकणाऱ्या लोकरीचं अस्तर, एक बर्नर, अशी भट्टी मी जमवली. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा मिळवला. उरला रेग्युलेटर. स्वयंपाकघरातला तिथे चालत नाही. भट्टीला जास्त दाबाचा लागतो, वर फिरवायची मूठ आणि पुढे दाब दाखवणारा काटा असलेला. तो हॉटेलांना सामान विकणाऱ्या दुकानात मिळाला.

“केटरिंगचं काम हाय का ताई?” दुकानदाराने विचारलं.

“नाही, खुरपं बनवायचं हाय.”

 मग त्याने रेग्युलेटरला नळी हाताने लावून दिली. “घरी जाऊन पान्यानं कसा. पण ध्यानात ठेवा, याचे आटे उलटे असतेत.”

“माहीत हाय हो मले!” मी म्हणाले.

मला माहीत नव्हतं. पण भौतिकशास्त्राच्या बाईला भर दुकानात कोणी काही सांगितलं, की हेच वाक्य तोंडून निघतं.

मे महिन्यातला रविवार उजाडला. अंगणात एकीकडे सासूबाईंनी बाजेवर मूगवड्या वाळत घातलेल्या, दुसरीकडे माझी भट्टी. हे फाटकाबाहेर, एक पाय स्कूटरवर टाकून उभे. (“मी पयालो नाही, तयारीत हाय!”) मी पाना घेतला आणि सगळ्या जगाचे नट कसतात तसा हा नटही कसला. मग साबणाचं पाणी लावून तपासणी. सिलिंडर हळूच उघडला. जोडावर एक बुडबुडा आला. म्हणजे गळती! लगेच बंद केला, नट आणखी कसला, पुन्हा उघडला. आता बुडबुड्यांची रांग! आणखी कसला. आता तर फेसच!

“काहून वं सुनंदे, घट्ट करून राहिली, का सैल?” सासूबाईंनी बाजेशेजारून विचारलं.

“घट्टच, आई! साबण कमी पडून राहिला.”

कोणताही शहाणा माणूस इथे थांबला असता. मी बादलीत धुण्याच्या पावडरीचा अख्खा पुडा ओतला, खराट्याने घुसळला आणि रेग्युलेटरपासून भट्टीपर्यंत सगळ्यावर तांब्या-तांब्याने ओतत सुटले. फेस घोट्यापर्यंत आला. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या.

“सतरंज्या काढल्या का धुवायले?”

“नाही काकू, खुरपं बनवून राहिली!”

काकूंनी घरातल्या सगळ्यांना भिंतीपाशी बोलावून घेतलं.

ऊन असं, की फरशीवर पापड भाजावा. मी घामाने निथळत होते. ते बघून ह्यांच्यातला वऱ्हाडी नवरा जागा झाला. उन्हाळ्यात आमच्याकडे माणसाबद्दल माया वाटली, की त्याच्याकडे कूलरचं तोंड फिरवतात. पाहुणा असो, नळ दुरुस्त करणारा असो, आधी कूलर. ह्यांनी बैठकीतला भलामोठा कूलर ढकलत ओट्यावर आणला, माझ्या दिशेने वळवला आणि पुढचं मागचं न बघता बटण दाबलं.

गॅस मी बंद केलेला होता, एवढंच नशीब! बादलीतला आणि अंगणातला सगळा फेस एकदम उठला. अकोल्यात, भर मे महिन्यात, बर्फ पडायला लागला! झाडावर फेस, स्कूटरवर फेस, भिंतीवरून बघणाऱ्या काकूंच्या मिश्रीच्या बोटावर फेस.

“माह्या मुंगवड्या!” सासूबाई किंचाळल्या आणि सगळं लुगडं पसरून बाजेवर आडव्या झाल्या. (बऱ्याच वड्या वाचल्या. पण त्या उन्हाळ्यात आमच्या रश्श्याला जरा जास्तच फेस यायचा.)

“बस झालं!” ह्यांनी पाना हिसकावला. “खोलूनच टाकतो हे सारं! दुकानात वापस!”

खोलण्यासाठी त्यांनी नट उलटा फिरवला. फिरवला, फिरवला, मग दात-ओठ खाऊन फिरवला. शेवटी हताश होऊन माझ्याकडे बघितलं. “मी खोलून राहिलो, अन् हे घट्ट होऊन राहिलं वं!”

तेव्हा मला दुकानदार आठवला. मी गंभीर चेहऱ्याने सिलिंडर उघडला. एकही बुडबुडा नाही.

“याचे आटे उलटे असतेत,” मी म्हणाले. “माहीत हाय मले.”

कूलर आत गेला, हे फाटकाबाहेर गेले, आणि भट्टी पेटली! मूठ फिरवली तसा काटा वर चढला, आतली आग घुमायला लागली आणि पाट्याचा तुकडा लालभडक झाला. मी हातोडा उचलला. सासूबाई बघत होत्या. दुपारभर ठोकलं. तळहाताला फोड आले, पण प्रत्येक घावाला मला ते दोन शब्द ऐकू येत होते.

संध्याकाळी थंड झालेली वस्तू मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, टिचकी मारली.

“काय हाय वं हे?”

“खुरपं, आई.”

“अस्सं! मले वाटलं भातवाढणी.”

हे पुढे आले, ती वस्तू हळूच घेतली आणि डुगडुगणाऱ्या कूलरच्या पायाखाली सरकवली. कूलर जागच्या जागी स्थिर झाला. आजतागायत हललेला नाही. मी तोंड फिरवून ओट्यावर बसले. खरं सांगते, डोळ्यांत पाणी होतं, आणि ते साबणाचं नव्हतं.

सासूबाईंनी खराटा घेतला, अंगणातला फेस लोटून काढला, कमरेवर हात ठेवून चारही बाजूंना नजर फिरवली आणि म्हणाल्या, “चांगलं झालं.”

मी ताडकन उठले. “काय म्हटलं, आई?”

“आंगन! दिवाईपासून असं साफ निंगालं नव्हतं. चांगलं झालं हो पोरी!”

पाऊस जवळ आला तशा सासूबाई मळ्यात गेल्या, त्या ते झिजलेलंच खुरपं पिशवीत घालून. निघताना दारातून वळल्या.

“मी येतो तवापर्यंत भट्टी गच्चीवर लाव वं. गच्ची लई मयली हाय.”

भौतिकशास्त्राची मी प्राध्यापिका, त्याच संध्याकाळी धुण्याच्या पावडरीचे दोन पुडे आणायला निघाले.