विटाळ नव्हता तो

माझ्या मोठ्या काकीवर अन्याय झाला तो १९९२ साली, गौरी घरात आल्या त्या संध्याकाळी. तिची पाळी केव्हाच गेलेली. त्या दिवशी पुन्हा अंगावरून रक्त गेलं आणि आमच्या घरानं तिला मागच्या पडवीत बसवलं.

खाडीकाठचा आमचा कोळीवाडा, ठाण्यातलाच. काकी बाजारात मासळी विकायची. गौर आणायचा मान तिचा, तो धाकट्या काकीनं घेतला. वर दारातूनच म्हणाली, "काय गो, परत तरणी झालीस काय?"

"जा, तुज्या भावजींना सांग," मोठी काकी म्हणाली. सगळ्या हसल्या.

नवरात्रात घर टेंभी नाक्याला देवीला गेलं. काकी आली नाही. "मी बाहेरची हाय." महिन्यातले निम्मे दिवस बाई बाहेरची कशी, हे कुणी विचारलं नाही. शिवू नको, एवढंच सांगितलं. गल्लीतल्या डॉक्टरनं न तपासताच रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. म्हणाला, या वयात होतं.

मी तेव्हा कॉलेजात. डोंबिवलीत रॉकेलच्या टंचाईवर पत्रकं वाटत फिरायचे.

होळीच्या सुमारास काकीची कंबर धरली, पाय सुजले. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तिथून मुंबईला पाठवलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. बराच पसरलेला.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "इतके दिवस का थांबलात?"

"दुखत नव्हता," काकी म्हणाली. "आनि विटाळाला कोन दवाखान्यात जातं?"

बाहेर व्हरांड्यात बाईंनी मला समजावलं. यामागे एक विषाणू असतो. नवरा-बायकोच्या संबंधातून येतो, जगात सगळीकडे आहे, बहुतेकांच्या अंगातून आपोआप जातो. एखादीच्या राहतो आणि वर्षानुवर्षं पेशी बिघडवतो. श्रीमंत देशांत धडधाकट बाईलाही बोलावून गर्भाशयाच्या तोंडाचा नमुना काचेवर घेतात. बिघाड आधीच सापडतो, म्हणून तिथली मरणं घटली. आपल्याकडे, आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत बाया मरतातच.

"म्हणजे विषाणू तोच?" मी विचारलं.

"तोच. तपासणी नाही, एवढाच फरक."

मी मान हलवली. राग यायला हवा होता. तो पुढे आला, अजून आहे. तेव्हा काहीच आलं नाही. घरी कोळंबी सोलायची पडलेली, ती सोलली.

पुढच्या गौरींच्या आधी काकी गेली. दहाव्याला एक शेजारीण कुजबुजली, "असला रोग आनला कुठून?" आईनं तिला चहा दिला. मी कप धुतले.

आता तुम्ही. आज घरी गेलात की आईला, काकीला, सासूला बाजूला घेऊन विचारा, पाळी गेल्यावर परत रक्त जातं का. लाजली तर पुन्हा विचारा. हो म्हणाली तर उद्या सकाळी डॉक्टरकडे न्या, आणि आतून तपासल्याशिवाय उठू नका. नाही म्हणाली तरी न्या. नमुना घ्यायला सांगा. इथे होत नाही म्हणाले, तर का होत नाही ते दवाखान्याच्या साहेबाच्या टेबलासमोर उभं राहून विचारा.