बेसवाले किसनभाऊ

किसनभाऊ जोंधळे कुठेही गेले की आधी बोटाच्या पेराने टकटक करून बघायचे. टेबल असो, खांब असो, पाण्याचा माठ असो. वाजवायचं, कान जवळ न्यायचा आणि निकाल द्यायचा: "भरीव हाय," नाहीतर "पोकळ हाय." एकदा गंगाखेडच्या बाजारात एका पुढाऱ्याची नवीकोरी मोटार उभी होती. हे निघाले तिच्या बॉनेटवर टकटक करायला. मी दंडाला धरून मागे ओढलं. "अहो, मार खाल!" तर म्हणतात, "बघू तर द्या की, दत्ताभाऊ. वरून लय चमकायलीय."

सवय नोकरीतली. ते रेल्वेत चावीवाले होते, चुडाव्याला क्वार्टर. रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून रुळाच्या कडेने मैलोगणती चालायचं. रूळ जिथे स्लीपरला धरलेला असतो तिथल्या लोखंडी चाव्या तपासायच्या, ढिली झालेली ठोकून बसवायची. डोळ्यांपेक्षा त्यांचा कानावर भरवसा. "ढिली चावी बोलती," ते म्हणायचे. "घट बसलेली गप ऱ्हाती."

माझं गंगाखेडला माईक-लाउडस्पीकरचं दुकान. त्या काळात जो तो ऑर्केस्ट्रा काढत होता, मीही काढला. वाजवणारे पाहिजेत असं चार लोकांना सांगून ठेवलं होतं. एका दुपारी हा सावळा, उंच माणूस वाकळेत गुंडाळलेलं काहीतरी काखेत मारून दुकानात शिरला.

"काय वाजवता?" मी विचारलं.

"बेस."

"अहो, बेस वाजवता ते बेसच झालं, पण वाजवता काय ते सांगा की!"

दुकानातली मंडळी खो खो हसली. आमच्याकडे बेस म्हणजे चांगलं, झकास. किसनभाऊंनी न हसता वाकळ सोडली. आत चार जाड तारांची गिटार. "हिचं नावच बेस हाय. म्या तरी काय करू?"

पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत सिकंदराबादकडचा एक ख्रिस्ती ड्रायव्हर राहायचा. त्याच्या पोरांचा बँड होता, इंग्रजी रॉक वाजवायची. कॉलनीतले लोक कानात बोटं घालायचे, आणि ड्यूटी सुटलेले किसनभाऊ, पोरं वाजवायची त्या हॉलच्या पायरीवर बसून ऐकायचे. त्यांना गाण्यातलं अक्षर कळत नव्हतं. "समद्याच्या खालून एक जन चालायलाय, येवढं कळायचं," असं ते सांगत. मोठ्या पोराने त्यांना आत बोलावलं, सुट्टीच्या दिवशी शिकवलं, आणि बापाची बदली झाली तेव्हा ती गिटार यांच्याच हवाली करून गेला.

आता खरं सांगायचं तर आमच्या ऑर्केस्ट्रात या बेसचा काही उपयोग आहे की नाही, हे मलाच कळत नव्हतं. माझे सगळे कर्णे, म्हणजे भोंगे. भोंग्यातून गाणाऱ्याचा आवाज पार पुढच्या शिवारापर्यंत जातो, पण खालचा सूर त्यातून निघतच नाही. समोरच्या पब्लिकला किसनभाऊ नुसते उभे दिसायचे. लोक मला विचारत, "ते कोपऱ्यातले पावणे काय करतात हो?" एका प्रॅक्टिसला मीही वैतागलो. म्हटलं, "किसनभाऊ, बेस नसला तर बँडचं अडतं काय?"

"तुमी गाडीत बसल्यावर चाव्या बघता का?"

"छे! मी तर झोपतो."

"मंग झोपा की. म्या हाय."

उत्तर मिळालं ते शोभाकडून. शोभा आमची गायिका, परभणीची, आवाजाला खणखणीत आणि तोंडाला फटकळ. ती चप्पल काढून गायची. मला वाटायचं, देवभोळी असेल. एकदा विचारलं तर म्हणाली, "देव कसला डोंबलाचा! किसनकाका त्यांचा स्पीकरचा खोका स्टेजच्या फळ्यांवर ठेवतात ना, त्यांचा सूर पायातून वर येतो. तुमच्या त्या भोंग्यांच्या कलकलाटात मला माझंच ऐकू येत नाही. मी त्यांच्यावर गाते." मग मीही चप्पल काढून फळीवर उभा राहिलो. खरंच, तळव्याला गुदगुल्या झाल्यासारखा तो सूर येत होता. किसनभाऊ माझ्याकडे बघून हसले आणि वाजवत राहिले.

स्वतःविषयी ते फार बोलत नसत. अठ्ठ्याहत्तर साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव जाळपोळ झाली, त्यात त्यांचं गावातलं घर गेलं. मग ते क्वार्टरवर आले ते कायमचेच. त्या दिवसाचं एकच वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं, तेही टेम्पोत, वाटेत: "आमची तुळई पडली तवा लय खालचा सूर निघाला, दत्ताभाऊ. तसला या गिटारीत बी न्हाई." माझं घर शाबूत होतं, आणि गावातल्या ज्यांनी ते केलं ते आमच्यासारखेच, आमच्यातलेच होते. मी ड्रायव्हरला म्हटलं, जरा जोरात घे.

दहा वर्षं ते आमच्यात वाजवत होते. चुडाव्याहून गाडी पकडायची, पूर्णा, परभणी करत गंगाखेडला उतरायचं, काखेत वाकळ. कधी उशीर नाही, कधी रुसवा नाही. नामांतराचे मोर्चे निघाले की परभणीला जायचे, उघड, सगळ्यांच्या पुढे. कुणी विचारलं तर सांगायचेही, "व्हय, म्या व्हतो की."

तेच नडलं. म्हणजे त्यांना नाही, मला.

गोदाकाठच्या एका गावच्या जत्रेची सुपारी होती, आमच्यासाठी वर्षातली सगळ्यात मोठी. जत्रा कमिटीचे एक गृहस्थ दुकानात आले, चहा प्यायले आणि आवाज खाली करून म्हणाले, "भाऊ, तुमचा त्यो बेसवाला मोर्चात दिसला व्हता. आमची पोरं लय तापल्यात. त्याला आनू नका, बाकी समदे या." मला तोंड होतं. दहा वर्षं माईकवर बोलून पोट भरलेलं तोंड. त्या तोंडाने मी एवढंच म्हणालो, "बरं."

दुसऱ्या दिवशी किसनभाऊ प्रॅक्टिसला आले. रजेचा अर्ज देऊन, इस्त्रीचा सदरा बरोबर घेऊन. मी वायरी गुंडाळत, खाली मान घालून बोलायला लागलो. भोंग्यातून बेस निघत नाही, मैदान मोठं आहे, खोका नेण्याआणण्याची कटकट, या वेळी बेस नसला तरी चालेल. जेवढं लांबवत गेलो तेवढं ते बोलणं मलाच सडकं वाटायला लागलं. किसनभाऊंनी सवयीने काउंटरवर टकटक केली. कान जवळ नेला. पण निकाल दिला नाही.

"दत्ताभाऊ, एकच इचारतो," ते म्हणाले. "बेस नको हाय, का म्या नको हाय?"

मी म्हणालो, "बेस."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मलाही कळलं होतं.

"बेस," ते म्हणाले. वाकळ नीट बांधली, इस्त्रीचा सदरा तिच्यावर ठेवला आणि स्टेशनकडे गेले.

जत्रेत शोभाचा सूर दुसऱ्याच गाण्याला घसरला. ती फळ्यांवर इकडून तिकडे जागा बदलत होती. कार्यक्रम कसाबसा उरकल्यावर माझ्या अंगावर धावून आली. "किसनकाका कुठायत? पायाखाली काहीच नव्हतं माझ्या!" मी म्हणालो, त्यांना रजा मिळाली नाही. तेवढ्यात ते कमिटीवाले हार घेऊन आले. "भाऊ, लय बेस झालं!" मी हार घालून घेतला.

एका कार्यक्रमाला नाही बोलावलं, मग दुसऱ्याला कोणत्या तोंडाने बोलावणार? आज लिहीन पत्र, उद्या जाईन, असं करत दोन वर्षं गेली. शोभाला मी काय वाट्टेल त्या थापा मारल्या. नामविस्तार झाला तेव्हा चुडाव्याला जाऊन पेढे द्यावेत असं मनात आलं होतं. पेढे आणलेही, आणि घरातच वाटून टाकले. लाज वाटत होती, दुसरं काय!

त्याच वर्षी रेल्वेतला एक माणूस दुकानात बल्ब घ्यायला आला आणि बोलता बोलता म्हणाला, "तुमचे किसनराव गेले की. कावीळ झाली व्हती. आठ दिवस झाले." मी दुकान तसंच उघडं टाकून गाडी पकडली.

क्वार्टरमध्ये बाबासाहेबांच्या तसबिरीखाली किसनभाऊंचा फोटो ठेवला होता. बाजूच्या खुंटीला वाकळेतली गिटार. त्यांचा थोरला दारात उभा होता, बापासारखाच उंच. मला वाटलं, आता हा गचांडी धरणार, आणि धरली तर मी हलणार नाही. त्याने मला खुर्ची दिली. रुक्मिणवैनी पदराने डोळे पुसत बाहेर आल्या.

"तुमचं बी लय वाईट झालं, दत्ताभाऊ," त्या म्हणाल्या.

"माझं? माझं काय, वैनी?"

"ऑर्केस्ट्रा बंद पडला न्हवं तुमचा. ह्यांनीच सांगितलं. म्हणले, दत्ताभाऊनं लय वढला, पर चालंना. पोराला बी म्हणले, भाऊच्या दुकानाकडं जाऊन काई इचारू नको, त्यांला वाईट वाटंल."

दोन वर्षं हा माणूस माझी लाज स्वतःच्या घरात झाकून बसला होता! मी मारलेली थाप त्यांनी स्वतःची थाप घालून बुजवली होती, म्हणजे त्यांच्या पोराने माझ्या दारात येऊ नये आणि माझ्याकडे बघून थुंकू नये. आणि रविवारी माझा सेलूला कार्यक्रम होता. बॅनर रंगवून झालं होतं.

"व्हय, वैनी," मी म्हणालो. "बंद पडला."

मला रडू आवरेना. वैनींना वाटलं, ऑर्केस्ट्रासाठी रडतोय. त्यांनी मलाच पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावून दुकानावरची ऑर्केस्ट्राची पाटी उतरवली. सेलूला कळवून टाकलं. किसनभाऊ त्या घरात खोटं ठरता कामा नयेत, एवढं एकच मला करता येण्यासारखं होतं. शोभाला मात्र खरं सांगितलं. त्यानंतर ती माझ्याशी कधीच बोलली नाही.

बाकी कुणाला हे सांगितलेलं नाही, आज लिहितोय. अजूनही जुनी माणसं दुकानात आली की विचारतात, "दत्ताभाऊ, चांगला चालला होता ऑर्केस्ट्रा, बंद का केला?"

मी सांगतो, "बेस नव्हता."

"काहीतरीच! लय बेस व्हता," ते म्हणतात.