साडूचे संशयित

ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यावर आधी संशय घ्यावा, असं मानणारा अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात एकच माणूस असेल, आणि तो नेमका माझा साडू आहे. पेशानं गणिताचा शिक्षक, वृत्तीनं फौजदार. त्याच्याकडे जेवायला बसलं की तळलेल्या सुरमईचा एक तुकडा हमखास गायब होतो आणि तपास पाहुण्यांच्या गळ्यात पडतो. "प्रत्येकानं एकच वाक्य बोलायचं. त्यातलं एकच खरं!" असं फर्मान सुटतं, आणि आमचे जबाब होईपर्यंत भात पार गारठलेला असतो. तुकडा निघतो त्याच्याच भाताखाली. मेहुणी म्हणते, "भावोजी, लग्नाआधी मला वाटलं, काय अबोल माणूस आहे! आता कळतंय, तेव्हा हे नुसते पुरावे गोळा करत होते."

भाट्याचा पूल ओलांडून गेलं की एका गावात त्याची शाळा आहे. तिथे त्यानं गणिताच्या प्रत्येक धड्यात एकेक चोर घुसवला. गुणोत्तर शिकवायचं, तर व्हरांड्यात लाल मातीची पावलं उमटलेली. पावलाच्या लांबीवरून चोराची उंची काढा. वेग आणि अंतर शिकवायचं, तर दाभोळची फेरीबोट आलीच, कारण संशयिताचं म्हणणं असतं की चोरीच्या वेळी तो बोटीत होता. गणिताच्या तासाला ज्यांचं पोट दुखायचं ती मुलं आता मधल्या सुट्टीतही फळ्यासमोरून हलेनात. साडूचा एक नियम तर त्यांना तोंडपाठ होता : "जो आपणहून गुन्हा कबूल करतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तो कुणाला तरी वाचवत असतो."

एकदा त्यानं शाळेची पितळी घंटाच लपवली. संशयित खरेखुरे असले की मुलं जीव लावून विचार करतात, हा त्याचा सिद्धांत. म्हणून फळ्यावर तीन जबाब लिहिले. शिपाई म्हणतो, मी नाही घेतली. खिचडी करणाऱ्या काकू म्हणतात, पोस्टमननं घेतली. पोस्टमन म्हणतो, शिपायानं नाही घेतली. तिघांत खोटं बोलणारा एकच, तर चोर कोण? घंटाच नसल्यामुळे तास कधी संपला ते कुणाला कळलं नाही, पण मुलांनी उत्तर काढलं : काकू! आणि घरी जाऊन अभिमानानं सांगितलं, "काकूंनी घंटा चोरली. सरांनी सिद्ध केलंय." हे कोडं होतं, हे सांगायला मात्र एकजात सगळी विसरली. गणितानं सिद्ध झालंय म्हटल्यावर गावात वाद घालणार कोण?

काकू दुसऱ्या दिवशी शाळेच्या पायरीवर उभ्या राहिल्या. नवऱ्यामागे सगळं आयुष्य त्यांनी नावाला जपत काढलेलं. "जलमात कुनाची काडी उचलली नाय मी, आनि तुमी माजा नाव फल्यावर लिवलात? वर मना खोटारडी केलात? आता देवच काय तो न्याव करंल." हातातला खिचडीचा डाव तिथेच टाकून, साडूचं काही ऐकून न घेता त्या निघून गेल्या.

आमच्याकडे असल्या गोष्टी पोलिसांत जात नाहीत, ग्रामदेवतेपुढे जातात. संध्याकाळी देवळात नारळ ठेवला गेला. साडूनं धीरासाठी मला बोलावून घेतलं होतं. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, हिनं घंटा घेतली असंल तर हिला इंगा दाखव, आनि नसंल घेतली तर ज्यानं खोटा आल घेतलान त्येची खोड जिरव म्हाराजा!" सगळा गाव गरजला, "व्हय म्हाराजा!" त्यात सर्वांत खणखणीत आवाज साडूचा. सवयीनं! मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो पुढे झाला. "घंटा मी लपवली. माझ्या कपाटात आहे."

मग त्याच्या वर्गातली पोरं आनंदानं ओरडली, "सर काकूंना वाचवतायत!"

गावानं माना डोलावल्या. साडू जितक्या शपथा घेई, तितक्या काकू जास्तच चोर ठरत. त्यांचे डोळे भरून आले, आणि मला पहिल्यांदाच त्याचा मनापासून राग आला. घामाघूम होऊन तो पोरांकडे वळला. "बरं, मी खोटं बोलतोय असं धरा. पण घंटा माझ्या कपाटात आहे, हवं तर जाऊन बघा; मग कुलपाच्या कपाटात काकूंनी ती ठेवली कशी?" आणि भर देवळात सदरा वर करून त्यानं करगोट्याला बांधलेली एकुलती किल्ली दाखवली. पोरं विचारात पडली. एक मुलगी म्हणाली, "मग सर, तुमचं नाव फळ्यावर का नव्हतं?"

"चुकलं," साडू म्हणाला, आणि काकूंच्या पाया पडला.

"पन माजाच नाव कशाला घातलात?"

"काकू, चोर असा लागतो की ज्याचा कुणाला संशयच येणार नाही. शाळेत तसं माणूस एकच सापडलं."

काकूंनी पदरानं डोळे पुसले. "उद्याचं वाटानं कुनी भिजत घातलान की नाय?" एवढंच त्यांनी विचारलं.

गेल्या मे महिन्यात त्या मुलाकडे नालासोपाऱ्याला राहायला गेल्या. साडूच्या कोड्यांत अजून त्यांचं नाव असतं, पण चोर त्या कधीच निघत नाहीत. ज्यांनी काकूंना पाहिलेलंही नाही, ती नवी मुलंसुद्धा हे ओळखून आहेत. ती सुरुवातीलाच त्या नावावर काट मारतात. मी त्याला एकदा म्हटलं, "अरे, अशानं कोडं बिघडतं."

तो फळा पुसत होता. "बिघडू दे," म्हणाला.