इंग्रजांशी भांडणाऱ्या घरमालकीणबाई

ज्या मुलखावर इंग्रजांनी कधी थेट राज्य केलं नाही, त्या मुलखात बसून इंग्रजांशी जन्मभर भांडणारी बाई मी एकच पाहिली, आणि नांदेडला एम.ए. करताना मी त्यांच्याच घरी भाड्यानं राहत होते. आमच्या घरमालकीणबाई मुलींच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. माहेर चाकूरजवळचं, सासर उदगीरचं, घराणं लिंगायत व्यापाऱ्यांचं. गळ्यात इष्टलिंग, नाकावर चष्मा आणि जिभेवर इंग्रज. एखाद्यानं धीर करून म्हटलंच, "बाई, आपल्याकडं तर निजाम होता की," तर त्या चष्म्यावरून त्याच्याकडं बघायच्या. "आन् निजामावर नजर ठेवायला त्याच्या दारात रेसिडेंट म्हणून कोण बसला होता? तुझा मामा?"

घरातली प्रत्येक वस्तू त्यांच्या कोर्टात एकदा तरी उभी राहिलेली होती. गॅसवाला चुकून 'मॅडम' म्हणाला, तर सिलिंडर त्याच्या खांद्यावर असतानाच त्याची शिकवणी सुरू व्हायची. "बाई म्हण. बाई म्हणायला लाज वाटती का रे? तुझ्या आईला काय मॅडम म्हणतोस?" नावाआधी 'मिसेस' छापून आलेली एक लग्नपत्रिका त्यांनी परत पाठवली आणि लग्नाला मात्र न चुकता जाऊन जेवून आल्या. चहाचा प्रश्न जरा नाजूक होता, कारण तो त्यांना सारखा लागायचा. पण त्याचाही निकाल त्यांनी लावून टाकला होता. "चहा चीनचा, साखर आपल्याच कारखान्याची, आन् तलफ माझी. इंग्रजाचं ह्यात काय हाय?" त्यांचा खरा राग मात्र एकाच गोष्टीवर होता. "तुमच्या बायकांना सोडवायला आलो म्हणायचे मेले! आन् त्यांच्या बायका तिकडं मताचा हक्क द्या म्हणून बोंबलायल्या, तर त्यांना तुरुंगात टाकायचे." या वाक्याला तव्यावरची भाकरी हमखास करपायची आणि करपलेल्या भाकरीचा दोषही लंडनच्या खात्यावर जमा व्हायचा.

मला त्या 'मेमसाब' म्हणायच्या. मी उमरीच्या शेतकरी घरातली. पण शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळं स्त्रीवाद मी इंग्रजीतच वाचला होता आणि इंग्रजीतच पानंच्या पानं लिहू शकत होते. बोलायची वेळ आली की मात्र आवाज घशातच बसायचा. "जरा मोठ्यानं बोल गं मेमसाब, माझे कान हायत, मुंगीचे न्हाईत." पहिल्याच महिन्यात एका सकाळी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर ताट धरून उभी राहिले. आमच्या घरी त्या दिवसांत बाजूला बसायची पद्धत, आणि ती मी कधी कुणाला विचारून पाहिली नव्हती. बाईंना कारण कळलं, तेव्हा त्यांनी मला मनगटाला धरून आत ओढलं आणि परातीपुढं बसवलं. "आमच्यात विटाळ-सुतक नसतंय. आमच्या शरणांनी, संतांनी, आठशे वर्षांमागं काढून टाकलंय ते. तवा तुझा इंग्रज कुठं होता? थाप भाकरी." मी थापलेली भाकरी चारी बाजूंनी फाटली. "इंग्लंडच्या नकाशावाणी झाली की गं," असं म्हणून ती त्यांनीच ठेच्याबरोबर आवडीनं खाल्ली.

अशा बाई एकदाच गप्प झालेल्या मी पाहिल्या. त्यांच्या धाकट्या भावाच्या नातीची लिंगदीक्षा, म्हणजे गळ्यात इष्टलिंग बांधायचा विधी, होता, आणि "तुझ्या पुस्तकात नसतंय ते बघ जरा" म्हणून त्यांनी मलाही बसमध्ये घातलं. चाकूरला उतरून जीपनं गावात पोचलो, तर भावाच्या घराला लागून असलेल्या मठापुढं मांडव पडलेला, स्वामी आत येऊन बसलेले आणि नवा परकर-पोलका घातलेली नात गौरी घराच्या पडवीत पोत्यावर बसून रडायलेली. सकाळीच तिची पाळी सुरू झाली होती, पहिलीच. आणि मठाच्या दारावर पाटी होती: त्या चार दिवसांत महिलांनी आत येऊ नये.

"ही पाटी कुणी लावली रे बाबू?" बाईंनी भावाला विचारलं.

"समितीनं, अक्का."

"समिती म्हंजे कोण?"

"मीच की."

"आपल्यात असतंय का हे? आईला कधी बाजूला बसलेली बघितलास तू?"

"न्हाई, पण बाकीचे लोक पाळतात की. आपल्याला नावं ठेवतात. सोयरिकीला अडचण येती. पोरीची दीक्षा पुढच्या साली करू, काय बिघडलं?"

पडवीतून हुंदका ऐकू आला. "मैत्रिणींना सांगितलंय मी, आज हाय म्हणून," गौरी म्हणाली.

"दुसऱ्याच्या डोळ्यानं आपलं घर बघायलास," बाई म्हणाल्या, "म्हंजे गुलामच झालास की रे."

तेव्हा भावाचाही तोल सुटला. "अक्का, तुमचं हे स्त्रीमुक्तीचं इंग्रजी खूळ नांदेडातच ठेवा!"

बाईंचं तोंड उघडं राहिलं. जन्मभर ज्यांच्याशी भांडण मांडलं, त्यांच्याच पंगतीला सख्ख्या भावानं नेऊन बसवलं होतं. शिवाय समोर इंग्रज नव्हताच. पाटी मराठीत होती, आणि ती लावणाऱ्याला लहानपणी त्यांनीच कडेवर खेळवलं होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मेमसाब, तू तर इंग्रजी शाळेतली. तू सांग, हे इंग्रजी हाय का?"

सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. "काका," मी कसंबसं म्हटलं, "इंग्रजी शाळेत शिकूनसुद्धा मी घरी बाजूलाच बसायचे. उंबऱ्याच्या आत मला बाईंनी घेतलं."

काकांनी उपरणं खांद्यावरून काढलं, झटकलं, पुन्हा खांद्यावर टाकलं. आत स्वामींचा घसा खाकरल्याचा आवाज आला. मग काका पडवीत गेले आणि नातीला म्हणाले, "ऊठ. तोंड धू. स्वामी खोळंबलेत." आणि बाहेर येऊन मांडववाल्यावर उगाचच ओरडले, "तो शुभेच्छांचा फ्लेक्स तिकडं कशाला बांधलास? मठाच्या दारावर बांध की!"

गौरीचा हसरा फोटो, आजूबाजूला अख्ख्या भावकीचे मिशीवाले चेहरे, असा तो भलामोठा फ्लेक्स पाटीवर बरोबर बसला. पाटी निघाली नाही, दिसेनाशी झाली. त्याच्याखालून वाकून गौरी आत गेली. तिच्यामागून बाई गेल्या, आणि मग कोपऱ्यात मघापासून नुसत्याच उभ्या असलेल्या दोघी-तिघी बायका एकमेकींकडं बघत आत शिरल्या. त्या का थांबल्या होत्या, ते कुणी विचारलं नाही.

परतीच्या बसमध्ये अहमदपूर येईपर्यंत बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "इंग्रज बरा होता बघ. त्याला शिव्या घातल्या तरी घरी येऊन सुखानं जेवता यायचं. आता भावाशी भांडायचं, त्याच्याच ताटात जेवायचं, आन् निघताना त्यानंच दिलेली साडी घेऊन यायचं." मांडीवरच्या साडीवरून त्यांनी हात फिरवला. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या म्हाताऱ्या वाटल्या.

"फ्लेक्स किती दिवस टिकतंय गं?"

"ऊन लागलं की विरतो, बाई. वर्षभर टिकेल फार तर."

"मग फाटायच्या आत पाटी काढायला जावं लागंल." त्यांनी डोळे मिटून घेतले. "तवर मी असंन-नसंन. तू जाशील ना?"

"हो," मी म्हटलं, आणि ते एवढ्या मोठ्यानं म्हटलं गेलं, की पुढच्या सीटवरच्या आजोबांनी दचकून मागं वळून पाहिलं.